कूलरपुढे बोललेली गोष्ट

नवतपा लागला की माझा कोणावरच विश्वास राहत नाही. मे सरता सरता सूर्य रोहिणीत शिरतो आणि नऊ दिवस रायपूरला असा भाजून काढतो की विचारू नका. बूढ़ातालाबचं पाणी काठापासून मागं सरकतं, चिखलाचा वास गल्लीत येतो, बूढ़ापाऱ्यातली दुकानं भरदुपारी अर्धं शटर पाडून झोपतात. आणि नेमक्या ह्याच दिवसांत वर्तमानपत्रात कॉलेजांच्या जाहिराती येतात. पान उलटा, कॉलेज. पुन्हा उलटा, पुन्हा कॉलेज. प्रत्येक जाहिरातीत एक मुलगी छातीशी फाईल धरून हसत असते. यंदा तीच मुलगी मला तीन वेगवेगळ्या कॉलेजांत हसताना सापडली. शिकून कोणाचं भलं झालं असेल तर ते हिचं. तीन ठिकाणी काम मिळालं बाईला.

संशय हा माझा धंदाच आहे. मी भनपुरीत धर्मकाट्यावर बसतो. ट्रक आधी भरलेला तोलायचा, माल उतरवून आला की रिकामा तोलायचा, मधला फरक तो माल. ऐकायला किती सोपं! पण भरल्या गाडीच्या वेळी केबिनमध्ये चार माणसं दडून बसलेली असतात आणि रिकाम्या गाडीच्या वेळी तीच चौघं समोरच्या टपरीवर चहा पीत उभी असतात. तेव्हा मी खुर्चीवरून उठतो, उन्हात जातो, केबिनचं दार उघडून बघतो. "क्या मास्टरजी, भरोसा नहीं है क्या?" असं ड्रायव्हर विचारतात. नाही बाबा, नाही भरोसा. मास्टरजी म्हणतात ते माझं अक्षर चांगलं आहे म्हणून. मी इतिहासाचा बी.ए. आहे, आणि त्या पदवीनं मला काय मिळवून दिलं असं कोणी विचारलं तर पहिलं नाव ह्या अक्षराचंच घ्यावं लागेल. मालकानं मला त्यावरच ठेवून घेतलं होतं.

बी.ए.बद्दल लोक दोन तऱ्हेनं बोलतात, आणि मला दोन्ही तऱ्हांचा वास येतो. पहिली तऱ्हा आमच्या साडूंची. साडू सरकारी नोकरीत, निवृत्तीला आलेले, स्वतः बी.ए. पण ते कोणाला सांगत नाहीत. "काय करणार बी.ए. करून? पुतळ्याखालच्या पाट्या वाचणार?" असं ते आमच्या घरी बसून, आमचंच पन्हं पीत, आमच्याच पोरीबद्दल म्हणाले. दुसरी तऱ्हा सत्कारसभेतल्या पाहुण्यांची. आमच्या मराठी मंडळात दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांना पेला आणि गुलाबाचं फूल देतात. विज्ञानवाले आधी, मग कॉमर्सवाले, आणि कलाशाखेचं नाव पुकारेपर्यंत निम्मी मंडळी बटाटेवड्याच्या रांगेत. एका वर्षी पाहुणे म्हणाले, "शिक्षण हे पैशासाठी नसतंच मुळी." टाळ्या पडल्या. मी खिडकीतून पाहिलं, बाहेर त्यांची गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती, साहेब परत येतील तेव्हा आतून थंड असावी म्हणून. ज्याची गाडी त्याच्यासाठी थंड होत उभी असते त्यानं पैशाबद्दल आम्हाला शिकवू नये. मागून कळलं, त्यांची दोन्ही पोरं कॉम्प्युटरमध्ये आहेत.

माझा स्वतःचाही एक नवतपा होता. तेव्हा आम्ही रेल्वेच्या क्वार्टरात राहत होतो. बाबा पार्सल ऑफिसात. अमरावतीकडून बदलीवर आले आणि इथलेच होऊन गेले. घरात येताना त्यांच्या अंगाला तागाच्या पोत्याचा आणि लाखेचा वास असायचा. फार बोलायचे नाहीत. पण त्यांचा एक नियम आम्हा भावंडांना पाठ होता. "माणूस वजन सांगते आणि काटा वजन दाखवते. शंका आली का परत चढवाचं." पार्सल कोणाचंही असो, स्टेशनमास्तरच्या सासऱ्याचं असो, शंका आली की ते दुसऱ्यांदा काट्यावर चढायचं. लोक चिडायचे. बाबांना फरक पडत नसे.

त्या वर्षी मी बारावी झालो होतो, गणित घेऊन. इंजिनियरिंगला नंबर लागण्याइतके मार्क होते. फक्त त्या मार्कांवर मिळणारं कॉलेज दुसऱ्या गावात होतं, म्हणजे हॉस्टेल आलं, मेस आली. आणि त्याच उन्हाळ्यात आमच्या क्वार्टरात पहिल्यांदा कूलर आला. पत्र्याचा, हिरव्या रंगाचा, बाबांनी हप्त्यानं घेतलेला. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी पडलं की घरभर असा वास सुटायचा की परीक्षा, निकाल, सगळं विसरायला व्हावं. फक्त आवाज भयंकर. कूलरची एक गंमत तेव्हा आमच्या घरी कोणाच्या ध्यानात आली नव्हती, आणि खरं सांगायचं तर आमच्या लोकांच्या अजूनही येत नाही. त्याच्यापुढे बसलेल्या दोघांना एकमेकांचं ऐकू येत नाही, म्हणून दोघंही ओरडून बोलतात. आणि आपल्याला ऐकायला येत नाही म्हणजे कोणालाच येत नसणार, असं समजून नेमक्या घरातल्या गुप्त गोष्टी ओरडून बोलतात.

मी स्वयंपाकघरात माठाजवळ गडू धरून उभा होतो.

"पोट्ट्याले इंजिनियरिंगले धाडलं तर ताईचं लगन एक साल पुढं ढकला लागते," बाबा आईला ओरडून सांगत होते.

"अन् तिकडचे थांबतीन काय?" आई त्याहून वरच्या पट्टीत.

"तेच तर म्हणून राहिलो."

माठातलं पाणी गडवातून माझ्या पायावर सांडत होतं आणि मला ते थंड लागलं एवढंच आठवतं. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिनं लग्नासाठी उशांच्या अभ्र्यांवर मोर काढायला घेतले होते, दोन मोर पूर्ण झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दाढी करत होते. मी म्हटलं, "बाबा, मले इंजिनियरिंग नाही कराचं. मले इतिहास आवडते."

त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. अर्ध्या गालाला फेस. पार्सलवाला वजन सांगतो तेव्हा त्याच्याकडे पाहत तसं.

"पक्कं?"

"हव, पक्कं."

संपलं. त्यांनी उरलेला गाल केला, डबा घेतला, गेले. माझ्या आयुष्याचं वजन एवढ्यात झालं.

खोटं बोललं की ते वागवावं लागतं. मला इतिहास आवडतो हे दिसायला पाहिजे होतं, म्हणून मी एक वही घेतली आणि पुरानी बस्तीत हिंडायला लागलो. देवळाच्या चौकटीवर काही खोदलेलं दिसलं की उतरवून घ्यायचं. कळत काही नव्हतं, चित्र काढल्यासारखं अक्षर काढायचं. दगड इतका तापलेला असायचा की हात टेकवता येत नसे. पुजारी विचारायचे, "काय करून राहिला रे?" मी म्हणायचो, "अभ्यास." दुपारी लालबुंद होऊन घरी यायचो, बाबांना दिसेल अशी वही पलंगावर टाकायचो. तिसऱ्या दिवशी मी निघालो तर बाबा आडवे आले. हातात सोललेला कांदा. माझ्या शर्टाच्या खिशात घातला, वरून थोपटला, म्हणाले, "लू लागते." उन्हाची झळ बाधू नये म्हणून इकडं खिशात कांदा ठेवतात. मग तो नवतपा संपेपर्यंत रोज एक कांदा.

त्यांना माहीत होतं का? बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, तरी मी हा प्रश्न अजून सोडलेला नाही. मला वाटतं, माहीत होतं. ज्या माणसाला पोत्याला हात लावून कळायचं की आत डाळ आहे की डाळीत खडे, त्याला पोटच्या पोराचं खोटं कळलं नसेल? मग दुसऱ्यांदा का नाही चढवलं मला काट्यावर? आख्ख्या जगाची पार्सलं परत तोलली, आणि मला एकदाच. मी ह्याचा राग धरून आहे. ताईच्या लग्नात मी वाढपी होतो, जिलेबी वाढली, हसलो, आणि त्या दिवसापासून हा राग धरून आहे. ताई सुखात आहे, तिचा ह्यात काही दोष नाही. राग जात नाही, त्याला कोण काय करणार?

लोकांना वाटतं की पुढं मला इतिहासाची गोडी लागली. मीच तसं सांगतो. आणि ते अगदी खोटंही नाही. भनपुरीच्या काट्यावर दुपारी दोनला गाड्या नसतात, रस्त्यावर नुसती वाफ हलत असते, तेव्हा मला ह्याच वाटेनं बैलांच्या पाठीवर मीठ घेऊन जाणारे बंजारे दिसतात. तेही कुठंतरी थांबले असतील, कोणीतरी त्यांचं मीठ तोललं असेल, त्यांनीही त्याला फसवलं असेल. तास कसा जातो कळत नाही. पण नाइलाजालाच माणूस पुढं आवड म्हणायला लागतो, हेही मी पाहिलं आहे. स्पर्धा परीक्षांना बसलो, दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलो. लग्नाच्या वेळी 'मुलगा ग्रॅज्युएट' एवढं म्हणायला ती पदवी कामी आली. त्यापुढे तिची कमाई काय, हे मला सांगता येत नाही.

तर आता यंदाची गोष्ट. आमची एकुलती एक पोरगी पूर्वा बारावी झाली. गणित घेऊन, चांगल्या मार्कांनी. मी तिच्याशी मराठीत बोलतो, ती मला हिंदीत उत्तर देते. रायपूरच्या मराठी घरांत आता असंच चालतं, कोणाला त्यात नवल वाटत नाही. "पूर्वा, जेवून घे." "बस पापा, दो मिनट." नवल वाटतं ते ती मराठी बोलायला लागली की. सातवीत असताना तिनं माझ्या स्कूटरचा आरसा फोडला होता, तेव्हा येऊन म्हणाली होती, "बाबा, मले तुम्हाला एक सांगाचं होतं." पापाचा बाबा झालो की मी सावध होतो. पोट्टी मराठीत आली म्हणजे काहीतरी झाकून राहिली, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

नवतप्याच्या पहिल्या दिवशी माझी बायको सुनंदा कैऱ्या उकडत होती. पूर्वा येऊन ओट्याला टेकून उभी राहिली.

"बाबा, मी ठरवलं. मी बी.ए. करते. इतिहास घेऊन. प्रायव्हेट."

एवढं शुद्ध मराठी! एक हिंदी शब्द नाही. माझ्या अंगावर काटाच आला.

प्रायव्हेट म्हणजे आमच्याकडे कॉलेजात न जाता नुसती परीक्षा द्यायची. वर्षभर दुकान सांभाळा, नोकरी करा, पोरं सांभाळा, आणि परीक्षेच्या महिनाभर आधी गाईड घेऊन बसा. खर्च जवळजवळ नाहीच. "तोवर कोचिंग क्लासच्या रिसेप्शनवर बसते," ती म्हणाली, "त्यांनी बोलावलं आहे."

"इतिहास काहून?" मी विचारलं.

"मले आवडते, बाबा."

ते वाक्य! तेच, तसंच, माझंच. मी तिच्या तोंडाकडे पाहतच राहिलो. आणि मग एकदम ध्यानात आलं की गेल्या रविवारी दुपारी मी सुनंदाला काय सांगत होतो. मालक काट्यावर कॅमेरावालं आपोआप चालणारं मशीन बसवतो म्हणतो, पुढं माझं काय ते सांगता येत नाही; जे काही साठवलं आहे त्यात वरच्या मजल्यावर एक खोली काढू, भाडं तरी येईल; पोरीचं इथंच काहीतरी पाहू. हे सगळं मी सांगितलं होतं. कूलरपुढे बसून. ओरडून.

बाप रे बाप! इतक्या वर्षांनी, सगळं माहीत असून, मी नेमकं तेच केलं. ज्या मूर्खपणाबद्दल आईबाबांवर डूख धरला, तोच मूर्खपणा घरचा कूलर लावून केला.

मग मी पोलीस झालो. पोरीला इंजिनियरिंगच हवं असणार आणि ती आपल्यासाठी मन मारून राहिली, ह्याबद्दल मला तिळमात्र शंका उरली नाही. मी इंजिनियरिंग कॉलेजांची माहितीपत्रकं आणून टेबलावर ठेवली, तिनं त्यांवर कैरीची सालं काढली. मी म्हटलं, "कॉम्प्युटरवाले बघ किती कमावून राहिले." ती म्हणाली, "हो बाबा, कमावतात." पुन्हा मराठी! शेवटी मी ठरवलं, हिला विचारायचंच नाही, कागदपत्रं तयार करून फॉर्मच समोर ठेवायचा. सुट्टी टाकली आणि उत्पन्नाचा दाखला काढायला गल्लीच्या तोंडावरच्या चॉइस सेंटरवर गेलो. सरकारी दाखले, ऑनलाईन फॉर्म, सगळं तिथंच होतं. तिथला डोमन गेली दहा वर्षं अख्ख्या पाऱ्याचे, म्हणजे मोहल्ल्याचे, अर्ज भरतो. कोणाच्या घरात काय चाललं आहे हे त्याला आमच्या आधी कळतं.

"अच्छा हुआ अंकल आप आ गए," तो म्हणाला. "पूर्वा दीदी का फॉर्म आधा पड़ा है. सब भर दिया, फीस वाले पन्ने पर आकर छोड़ दिया. सोमवार से पड़ा है. आज आख़िरी तारीख है, शाम छह बजे तक."

सोमवार. म्हणजे माझ्या ओरडण्याच्या दुसऱ्या दिवशी. पकडली, असं मला वाटलं. काट्यावर केबिनचं दार उघडून आत चार माणसं सापडली की वाटतं ना, तसं.

"इंजिनियरिंगचा ना?" मी विचारलं.

"नहीं अंकल. बी.ए. का."

"बी.ए.? ते तर ती प्रायव्हेट करणार म्हणते. त्याचा फॉर्म इतक्यात कुठं निघते?"

"ये पूना वाला है. रेगुलर. हिस्ट्री. हॉस्टल भी टिक किया है," आणि त्यानं स्क्रीन माझ्याकडे फिरवली.

मी ते पान वाचलं. फी वाचली, हॉस्टेल वाचलं, मेस वाचली. पुन्हा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा. आमच्या वरच्या मजल्याची खोली त्या एका पानात सिमेंट, विटा, संडास-बाथरूमसकट मावत होती. आणि हे सगळं कशासाठी, तर बी.ए.साठी! खरं सांगतो, मला फसवल्यासारखं वाटलं. मी स्वतः इतिहास शिकलो, लोकांसमोर त्याची बाजू घेऊन भांडलो, साडूंना दोन शब्द सुनावले, आणि बी.ए.साठी कोणी पैसे मोजू शकतं हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. माझ्या लेखी बी.ए. म्हणजे पैसे नसले की करायची गोष्ट. साडू निदान तोंडावर बोलतात, मी मनातल्या मनात त्यांच्याच पंगतीला बसलो होतो. पोरीनं मन मारलं ते इतिहासावरूनच मारलं होतं, आणि मी तिला इंजिनियरिंगची पत्रकं दाखवून राहिलो होतो!

घरी आलो तेव्हा दीड वाजला होता. सुनंदा आणि पूर्वा कूलरपुढे आडव्या पडल्या होत्या. मी गेलो आणि बटण बंद केलं.

"काहून बंद केला?" सुनंदा उठून बसली. "डोकं फिरलं का?"

नवतप्यात दुपारी कूलर बंद करणं म्हणजे वेडेपणाच. पंखा फिरत होता तो गरम हवा घेऊन. खोली एकदम इतकी शांत झाली की बाहेरच्या गल्लीतली एक सायकल सुद्धा ऐकू आली. घाम कानामागून उतरायला लागला.

"पूर्वा, प्रायव्हेटच करायचं आहे? पक्कं?"

"हव बाबा, पक्कं."

अर्ध्या गालाला फेस लावलेले बाबा मला दिसले. ते इथंच थांबले होते. मला थांबायचं नव्हतं. आणि मग मी जे कधी केलं नव्हतं ते केलं, माझ्या पोरीशी घरात हिंदीत बोललो.

"बेटा, एक बार और पूछ रहा हूँ. सच बता. क्या चाहिए?"

ती आधी आईकडे पाहत राहिली, मग बंद कूलरकडे. डोळे भरून आले तिचे.

"पूना जाना है, पापा. वही पढ़ना है, लेकिन क्लास में बैठ के. घर में गाइड रट के नहीं."

"पढ़ के क्या करेगी? कमाएगी क्या?"

"पता नहीं, पापा."

जाहिरातीतल्या मुलीला सगळं पक्कं माहीत होतं. साडूंना माहीत होतं, मंडळातल्या पाहुण्यांना माहीत होतं, इंजिनियरिंगच्या पत्रकांत तर पगारसुद्धा छापून आले होते. सगळ्या उन्हाळ्यात हे एकच उत्तर असं आलं की ज्याच्यावर संशय घ्यायला मला जागाच सापडली नाही. मी शोधली. सवयच आहे. सापडली नाही.

मी सुनंदाला डोमनकडचा अर्धा फॉर्म, फी आणि आज सहापर्यंतची मुदत सांगितली. "आणि खोली?" मी तिला विचारलं.

तिनं पदरानं मान पुसली. "खोली काय पळून चालली का कुठं? फॉर्म आज आहे म्हणता ना? मग बोलत काय बसले? अन् जाता जाता तो कूलर लावा आधी."

खोलीचं भाडं दर महिन्याला आलं असतं, हे मला माहीत आहे. मशीन बसलं तर माझं काय होईल ते माहीत नाही. ती तीन वर्षांनी काय घेऊन परत येईल, किंवा येईल की नाही, तेही माहीत नाही. मी स्कूटरची किल्ली घेतली.

पूर्वा ओढणी डोक्याला गुंडाळून दारात उभी होती. मी स्वयंपाकघरात गेलो, टोपलीतून एक कांदा घेतला, सोलला आणि तिच्या कुर्त्याच्या खिशात घातला.

"पापा! बदबू आएगी!"

"लू लागते," मी म्हटलं.

तिनं नाक मुरडलं, पण काढून टाकला नाही.